बर्फातली पिवळी पिशवी

“पोरी, या पिशवीले बरफ लावजो नको. हे लाल रक्त नाही. हातात धर अन् हळूहळू हलवत ने,” नागपूरच्या रक्तपेढीतल्या शिपाई कवडूकाकांनी बजावलं होतं. रविताने “हो काका” म्हटलं आणि डबा घेऊन स्टेशनकडे धाव घेतली.

मित्रांनो, मी एक जुनी प्लेटलेट आहे. हसू नका. माझं वय अवघं सहा दिवसांचं, पण आमच्यात दहावा दिवस म्हणजे म्हातारपणाचा शेवट. त्या पिवळ्या पिशवीत मी होते.

माझा जन्म मनिराम नावाच्या रंगाऱ्याच्या हाडांतल्या मज्जेत झाला. एका भल्यामोठ्या पेशीची किनार तुटली आणि तिच्यातून मी निघाले; मनिरामने रक्तदान केलं तेव्हा पिशवीत आले. माझ्या अंगावर हजारो हात आहेत, पण एरवी त्यांच्या मुठी मिटलेल्या असतात. त्या मिटलेल्याच बऱ्या, नाहीतर धडधाकट माणसाचंही रक्त नसांत गोठून जाईल. कुठे शीर फाटली की हाक येते. मग माझ्या आतलं एक प्रथिन हातांच्या मुळाशी जाऊन टेकतं, मुठी उघडतात, आणि रक्तातला फायब्रिनोजेन नावाचा दोर पकडून आम्ही एकमेकींना बांधून घेतो. भोक बुजतं.

रविताच्या मुलीचं, सात वर्षांच्या हर्षिताचं दुखणं इथेच होतं. तिच्याही प्लेटलेटना हात होते, पण मुठी उघडायला सांगणारं आतलं कुणी जन्मापासून जागंच होत नव्हतं. असा जन्मदोष भावंडांतही असू शकतो. नाकातून रक्त यायचं ते तासभर थांबायचं नाही. घरचे म्हणायचे, उन्हाचा ताप. मग मे महिन्यात आजीने, धनवंताबाईने, हलणाऱ्या दाताला दोरा बांधून हिसका दिला.

“बीएस्सी शिकली, अन् पोरीचा दात पाडाले भेते!” आजी रविताला हसली होती.

तिसऱ्या दिवशीही दाताच्या खळीतून रक्त येतच होतं. हर्षिता ते गिळायची आणि काळं ओकायची. डेंग्यूच्या वर्षापासून गोंदियात सगळ्यांनाच प्लेटलेटचा आकडा वाचता येतो. रविताने रिपोर्ट डॉक्टरांपुढे धरला.

“दोन लाख ऐंशी हजार आहेत ना, डॉक्टरसाहेब! मग रक्त काऊन थांबून नाही राहिलं?”

“आकडा भरपूर आहे, ताई. पण काम कोणीच करत नाही. दुसऱ्याच्या प्लेटलेट नागपूरहून आणाव्या लागतील.”

अशी मी गाडीत बसले. रेल्वेच्या डब्यात भट्टी पेटल्यासारखं ऊन. रविता दर पाच मिनिटांनी पिशवीच्या डब्याचं झाकण उघडून हात लावून पाही. आदल्या दिवशी हर्षिताला चढवलेलं लाल रक्त बर्फात आलं होतं, तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. कॉलेजातही तिने वाचलं होतं, रक्त चार अंशांवर ठेवतात.

समोरच्या बाकावरची भागीरथाबाई म्हणाली, “उन्हात दूध नासते माय, हे त रक्त होय. टाक बरफ!”

तुमसर रोडला गाडी थांबली. रविताने शरबतवाल्याकडून बर्फाची लादी घेतली, ओढणीने पुसली आणि आमच्यावर ठेवली. वर तीच ओढणी गुंडाळली. बाळाला गुंडाळतात तशी.

मित्रांनो, थंडीने आम्ही मरत नाही, त्याहून वाईट होतं. अंगाला काटे फुटतात, अंगावरचे काही हात गोळा होऊन एकमेकांना चिकटतात. पुन्हा ऊब दिली तरी मूळ रूप येत नाही. अशा प्लेटलेटला यकृतातले पहारेकरी चोर समजून पकडतात.

गोंदियात डॉक्टरांनी डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. पण दुसरी पिशवी नव्हती. त्यांनी नागपूरला फोन केला; नवी पिशवी सकाळच्या गाडीने येणार होती, तोवर त्यांनी आम्हालाच चढवलं.

आम्ही धावलो. आतल्या प्रथिनाने हाक दिली, मुठी उघडल्या. आमच्या शेजारून हर्षिताच्या त्या दोन लाख ऐंशी हजारवाल्या प्लेटलेट मुठी मिटून नुसत्या वाहत गेल्या. तरी भोक बुजलं.

“थांबलं वो माय!” धनवंताबाई ओरडली. सगळ्यांनी पिशवीला हात जोडले. तेवढंच आमचं कौतुक.

संध्याकाळपर्यंत यकृताने आम्हाला वेचून काढलं. मीही सापडले. सकाळी हर्षिताला उलटीची उबळ आली आणि ती गाठ सुटली. पुन्हा बांधायला आमच्यातली एकही उरली नव्हती. नवी पिशवी गाडीत होती, बिनबर्फाची. गाडी गोंदियाच्या अलीकडे, तिरोड्याला असताना हर्षिताचं रक्त खरंच थांबलं. सगळीकडचं.

मित्रांनो, आम्हाला बर्फ लावू नका. आकडा पाहून निश्चिंत होऊ नका. आणि सांगणारा साधा माणूस असला तरी त्याचं पुरतं ऐका.

रविता रडली नाही. कवडूकाकांचं बोलणं तिला आता शब्दन् शब्द आठवत होतं. तिने दवाखान्याच्या दाराशी दिसेल त्याला धरलं. तिचं ते विचारणं तुम्हालाच आहे असं समजा:

“फुलचूरकडे कोणी जाऊन राहिलं का? घरी माझी धाकटी आहे, मिताली, आठ महिन्यांची. तिचं तोंड उघडून पाहा ना जरा. तिले आता दात येऊन राहिले.”