घरजावयाच्या अंगठ्यावर उभी असलेली शाळा

विषय : कापिरिसोंगा टेकडीवरील कॅथलिक कन्या वसतिशाळेच्या जागेबाबत.
संदर्भ : सन १९३१ चे दानपत्र, त्यावर एक अंगठा.
अर्जदार : मी स्वतः.

मी ती शाळा बोलते आहे. अर्जावर सही मुख्याध्यापिका सिस्टर फेलिसिटा यांची आहे, कारण इमारतींनी स्वतः सही करण्याची सोय मलावीच्या जमीन कार्यालयात अजून झालेली नाही.

माझा जन्म एका गैरसमजातून झाला. फादर हेर्मान हॉलंडहून आले, सायकलवरून गावात शिरले आणि त्यांना टेकडी आवडली. सगळ्यांत मोठ्या घरासमोर एक माणूस टोपी घालून खुर्चीवर बसला होता. गावात खुर्ची एकच होती आणि टोपीही एकच. फादरांनी त्यालाच मालक समजून टेकडी मागितली. त्याचे नाव कामवेंदो. भला माणूस. त्याला आयुष्यात प्रथमच कोणी काही विचारले होते, त्यामुळे त्याने लगेच अंगठा दिला.

आमच्याकडे जमीन आईकडून मुलीकडे जाते. नवरा लग्न करून बायकोच्या गावी येतो, तिच्या शेतात राबतो आणि जेवताना फार बोलत नाही. म्हणजे इथला प्रत्येक नवरा घरजावईच. घराच्या वतीने बाहेर शब्द द्यायचा तो बायकोच्या भावाने, मुलांच्या मामाने. टेकडी होती कामवेंदोच्या बायकोची, नाचिसालेची. ती शेतावरून परतली तेव्हा माझा पाया खणून झाला होता.

"माझ्या नवऱ्यानं जमीन दिली म्हणता? दिली असेल," ती फादरांना म्हणाली. "त्याची जमीन त्याच्या आईच्या गावाला आहे, दोन दिवसांच्या वाटेवर. शाळा तिकडं बांधा."

फादरांना भाषा नुकतीच येऊ लागली होती. त्यांनी तिला आशीर्वाद दिला.

आलेल्या पाहुण्याला ऊठ म्हणण्याची इथे रीत नाही. शिवाय नाचिसालेला चार मुली होत्या. तिने चौघींना माझ्याकडे धाडले आणि विषय तहकूब ठेवला. ती तहकुबी नव्वद वर्षे चालली.

माझ्या विटा गावातल्या बायकांनी थापल्या आणि भाजल्या. पहिल्या वर्षी नऊ मुली होत्या, पुढे तीनशेपर्यंत गेल्या. हॉलंडच्या सिस्टरांनी त्यांना गणित, शिवण आणि काट्याने जेवणे शिकवले. मुली रविवारी काट्याने जेवत, सोमवारपासून हाताने. इथून परिचारिका निघाल्या, शिक्षिका निघाल्या, एक न्यायाधीशही निघाली. शाळा सोडताना प्रत्येक मुलगी व्हरांड्याच्या खांबाला मिठी मारून रडते आणि मी तुला विसरणार नाही म्हणते. पुढे महोत्सवाला येते, कोंबडी-भात जेवते, फोटो काढते, "आता ती शाळा राहिली नाही" असे म्हणून निघून जाते. मला ते मान्य आहे. भिंतींचा रंग गेला, प्रयोगशाळेत वटवाघळे आली, हॉलंडच्या सिस्टर एकेक करून गेल्या. त्यांतल्या तिघी आणि फादर हेर्मान माझ्या मागच्या दफनभूमीत आहेत. ते सोडून गेले नाहीत, एवढे मी त्यांच्या बाजूने नोंदवते.

गेल्या जानेवारीच्या वादळात वसतिगृहाचे छप्पर उडाले. बरेच पत्रे मक्याच्या शेतात सापडले. काही सापडले नाहीत, मात्र त्याच आठवड्यात गावातली दोन गवती घरे पत्र्याची झाली. एकशे बारा मुली प्रार्थनागृहात बाकांच्या मध्ये झोपू लागल्या. तिथेही गळत होते. बादली कुठे ठेवायची हे त्रिफोनिया ठरवायची. ती शेवटच्या वर्गातली, सरोवराकाठच्या दूरच्या गावची, गणितात माझ्याकडे गेल्या वीस वर्षांत तिच्यासारखी कोणी झाली नाही. थेंब कुठे पडतील याचाही तिने हिशेब मांडला होता आणि तो बहुतेक बरोबर येत असे.

सरकारी निरीक्षक आले. एप्रिलअखेर छप्पर झाले नाही तर वसतिगृह बंद, असा त्यांनी शेरा मारला. एक मदत संस्था पत्रे द्यायला तयार होती, फक्त जागेचा कागद हवा होता. सिस्टर फेलिसिटा तो अंगठ्याचा कागद घेऊन जिल्ह्याला गेल्या. तिथला कारकून याच मुलखातला. त्याने कागद वाचला आणि चष्मा काढला.

"सिस्टर, हा कामवेंदो कोण?"

"दाता."

"नाचिसालेच्या घरचा?"

"जावई."

"मग उद्या मी माझ्या सासूची शेळी तुम्हाला दिली तर चालेल? मला चालेल. सासूला विचारून या."

मग नाचिसालेच्या नातीची, एनेलेसी आजींची संमती घेणे आले. आजी माझ्याकडेच शिकलेल्या, त्यांची ना नव्हती. पण शब्द द्यायचा त्यांच्या भावाने, लामेकी मामांनी. सिस्टर त्यांच्या अंगणात गुडघे टेकून बसल्या.

"नव्वद वर्षं कुणी विचारायला आलं नाही," मामा म्हणाले.

"मी आलेय ना, मामा."

"एकटी आलीस. मागणी घालायला कुणी एकटं येतं? त्या गोऱ्यानंही तेच केलं. शाळेचा मामा कुठाय?"

शाळेला मामा नव्हता. नव्वद वर्षांत मला पाणी, वीज, पुस्तके, बऱ्याच गोष्टी कमी पडल्या, पण हे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. सिस्टर म्हणाल्या, बिशपसाहेबांना आणते.

"ते तर सगळ्यांचे बाप," मामा म्हणाले. "बापाचं इथं काय काम?"

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. सिस्टर दर आठवड्याला जात आणि मामा त्यांना दर आठवड्याला भुईमूग खायला घालून परत पाठवत. शेवटी माझा स्वयंपाकी झाकेयो कढईतला लाकडी दांडा बाजूला ठेवून म्हणाला, "मी होतो मामा."

एप्रिलच्या अकरा तारखेला तो सिस्टरांना आणि एक कोंबडी घेऊन निघाला. रीतीप्रमाणे दोघांना अर्धा दिवस उन्हात बसवण्यात आले. मग लामेकी मामा बाहेर आले.

"तू शाळेचा कोण?"

"एक्केचाळीस वर्षं तिच्या पोरींना मक्याच्या पिठाची सिमा रांधून घालतोय. मामा याहून जास्त काय करतो?"

मामांनी कोंबडी उचलून पाहिली. "बारीक आहे रे."

"शाळेतली आहे. आमच्या पोरी बघा, त्यांच्यापेक्षा बरी आहे."

एनेलेसी आजी हसल्या, आणि बहीण हसल्यावर भावाला रुसून राहता येईना. त्याच दुपारी मामांनी अंगठा दिला. टेकडीला नव्वद वर्षांनी कोणीतरी नीट मागितले होते. मला वाटले, आता सुटले. इमारतींनाही मूर्खपणा करता येतो.

तेरा तारखेला अर्ज दाखल झाला. संमती योग्य, असे त्यावर लिहिले गेले. आता जागेची मोजणी हवी. जिल्ह्यात मोजणीदार एक, त्याला मोटारसायकल एक, आणि ती गॅरेजमध्ये. सिस्टर चार वेळा गेल्या. चौथ्या वेळी त्यांनी मिशनची गाडी देऊ केली. खाजगी वाहनातून सरकारी मोजणी करता येत नाही, असे त्यांना नियम दाखवून सांगण्यात आले.

तीस एप्रिलला निरीक्षक परत आले. वसतिगृहाला कुलूप लागले आणि प्रार्थनागृहात कोणी झोपायचे नाही असे त्यांनी सिस्टरांकडून लिहून घेतले. मुली डोक्यावर गाद्या घेऊन टेकडी उतरू लागल्या. जवळपासच्या सदतीस जणी आता रोज चालत येतात. बाकीच्या पंचाहत्तर गेल्या.

त्रिफोनियाला न्यायला तिचा मामा दोन दिवस बसने प्रवास करून आला होता.

"मामा, परीक्षेला सहा आठवडे उरलेत. मला इथंच राहू द्या."

"कुठं राहणार, पोरी? आणि घरी तुझ्यासाठी लोक येऊन गेलेत. चांगली माणसं आहेत, होडी आहे त्यांची."

"लोक परत पाठवता येतात, मामा. परीक्षा नाही येत."

मामा वाईट नव्हता. त्याने सिस्टरांकडे पाहिले. "छप्पर कधी होईल, सिस्टर? तारीख सांगा, मी त्यांना थांबायला सांगतो."

सिस्टरांना खोटे बोलता येत नाही. त्यांचा व्यवसायच तसा आहे. त्या म्हणाल्या, "अर्ज केलाय."

मामाने मान हलवली आणि गादी उचलली. त्रिफोनियाने वह्या घेतल्या. खांबाला मिठी वगैरे तिने मारली नाही.

तरी माझी विनंती एवढीच आहे की, मोजणीदारास पायी पाठवावे. वाट चांगली आहे. इथल्या मुली रोज तीच चालतात.

परीक्षेच्या यादीत त्रिफोनियाचे नाव अजून आहे. पहिला पेपर अकरा जूनला, गणिताचा. आज चोवीस मे. अर्ज मोजणीसाठी प्रलंबित आहे.