बिनलेबलच्या बाटल्या

व्हर्नानं रबरी बूच अंगठ्यानं बाटलीच्या तोंडात दाबलं आणि पिंपाची तोटी उघडली. बुचाच्या भोकातून बाटलीच्या तळापर्यंत गेलेल्या नळीतून बिअर उसळत आली. बघता बघता बाटली नुसत्या फेसानं भरली आणि बुचाच्या कडेनं फेस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"जोर जास्त आहे," पलीकडच्या स्टुलावरून लॅम्बर्ट हास म्हणाला. "गॅस कमी कर. आणि माझ्या पुतण्याकडे बाटल्या भरायचं चांगलं यंत्र आहे, आणू का? शंभर डॉलरचं आहे."

"पुतण्याला म्हणावं, शोकेसमध्ये ठेव." व्हर्नानं हात पुसला. "माझी तोटी सहा डॉलरची. नळी आणि बूच घरातलंच. बाटलीला काय कळतंय तिच्यात कोण ओततंय ते."

तिनं पिंपातला गॅस सोडून दिला, पुन्हा अगदी थोडा चढवला आणि फ्रीजमधून थंडगार बाटली काढली. या वेळी बिअर कडेकडेनं, न बोलता चढत गेली. मध्येच थांबली. आत कोंडलेली हवा तिला पुढे येऊ देत नव्हती. व्हर्नानं बूच केसभर तिरकं केलं, फुस्स झालं, बिअर पुन्हा चढायला लागली. गळ्याशी आल्यावर तिनं नळी बाहेर काढली, फेस काठावर येऊ दिला आणि त्या फेसावरच पत्र्याचं झाकण ठेवून दोन दांड्यांच्या यंत्रानं आवळलं.

"एक," ती म्हणाली.

क्रोनवाल्ड ब्रूअरीत तिनं एकतीस वर्षं बाटल्या भरल्या होत्या. तिथे मिनिटाला चारशे बाटल्या निघायच्या. लॅम्बर्ट तिथला ब्रूमास्तर, म्हणजे बिअर बनवण्याचा प्रमुख. वरच्या मजल्यावर, पांढऱ्या कोटात, काचेमागे. खाली बाटल्यांच्या लाइनवरची माणसं त्याला नुसतं मास्तर म्हणायची आणि तो काचेमागून जाताना दिसला की उगाच हात चालवायची. नऊ वर्षांपूर्वी बाहेरच्या राज्यातल्या एका कंपनीनं क्रोनवाल्ड विकत घेतली, तांब्याच्या कढया भंगारात काढल्या, दाराला कुलूप लावलं आणि नाव तेवढं आपल्याबरोबर नेलं. आता त्या नावाची बिअर कुठेतरी सहाशे मैलांवर तयार होते आणि गावातल्या दुकानात येऊन पडते.

आज त्याच कंपनीनं नदीकाठच्या पार्कात मंडप टाकला होता. क्रोनवाल्डची सव्वाशे वर्षं. पोल्का बँड, भाजलेली सॉसेजेस, पहिला ग्लास फुकट.

जाहिरात आली ती जानेवारीत. त्याच दिवशी व्हर्ना गुडघाभर बर्फ तुडवत मास्तरच्या दारात जाऊन उभी राहिली होती.

"आपली जुनी बिअर करा," ती म्हणाली होती. "खरी. आम्ही जुने कामगार चव्वेचाळीस जण उरलोय. त्यांच्या मंडपासमोर बसून आपली पिऊ. त्यांचा फुकट ग्लास त्यांना लखलाभ."

 त्यानं नुसती मान डोलावली होती. जूनमध्ये त्यानं दोन पिंपं भरली आणि सहा आठवडे थंडीत ठेवली. पार्कात पिंप न्यायला बंदी, म्हणून बाटल्या. कुठून कुणास ठाऊक, कंपनीला कुणकुण लागली आणि व्हर्नाच्या नावानं वकिलाचं पत्र आलं: क्रोनवाल्ड हे नाव, चिन्ह, अक्षरं कुठेही वापरू नयेत. तिनं ते फ्रीजच्या दारावर चिकटवलं आणि दोन दिवस बसून शंभर बाटल्यांवरची जुनी लेबलं नखांनी खरवडून काढली.

"चाळीस," ती आता म्हणाली आणि पाठ सरळ केली. तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. मास्तरनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. गळ्यात टाय होता.

"गॅरेजमध्ये टाय कुणासाठी, मास्तर? पिंपासाठी?"

तो हसला नाही. बाटलीचं झाकण हातात घेऊन उलटसुलट करत राहिला.

"चार वाजता स्टेजवर बोलावलंय त्यांनी. फलक देणार आहेत. दोन शब्द बोलायचेत."

"कसले दोन शब्द?"

"की रेसिपी तीच आहे. चव तीच आहे."

व्हर्नानं तोटी बंद केली. "आणि तुम्ही हो म्हणालात."

"हो म्हणालो."

"इथे माझ्या बाटल्यांपाशी बसताय आणि तिथे जाऊन त्यांची टिमकी वाजवणार? मास्तर, तुमच्यासारखा माणूस खोटं..."

"खोटं नाही ते," तो म्हणाला.

गॅरेजच्या दारातून ऊन आत आलं होतं. शेजारचा माणूस गवत कापत होता, त्याचं यंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"ते जी करतात ती माझीच रेसिपी आहे," लॅम्बर्ट म्हणाला. "कंपनी येण्याच्या खूप आधीची. वीस वर्षांपूर्वी, शरद सुरू होता तेव्हा, मालकांनी मला वर बोलावलं. म्हणाले, खर्च उतरव नाहीतर कुलूप लावू. मी बार्ली निम्मी केली, आणि फेस धरून ठेवते ती बार्लीच. जागा मक्याच्या पाकानं भरली. सहा आठवडे ठेवायचो ती अकरा दिवसांत खाली पाठवायला लागलो. लेबल तेच. कुणाला सांगितलं नाही. त्यांनी सांगू नको म्हटलं आणि मी सांगितलं नाही."

 वीस वर्षांपूर्वी. शरद. व्हर्ना बोटांवर मोजल्यासारखी हाताकडे बघत होती.

"त्या सालीच फेस पडायला लागला होता," ती हळूहळू म्हणाली. "झाकण बसायच्या आत. बाटली यंत्राशी पोचेपर्यंत वर काही उरायचंच नाही. दुकानांतून तक्रारी आल्या."

"हो."

"फोरमन म्हणाला, बाटल्यांना साबण राहतोय. धुणाऱ्या बायका आळशी झाल्यात."

लॅम्बर्टच्या हातातलं झाकण फिरायचं थांबलं.

"तीन महिने आम्ही एकेक बाटली दोनदा धुतली. हाताची सालं निघाली. तिघींना मेमो मिळाले. आणि इर्माला..." तिनं तोटीवरचा फेस पुसला. इर्मा कोलार धुण्याच्या विभागाची मुख्य होती. बाटली उजेडाला धरून ती एक नजर टाकायची, आणि तिनं हो म्हटलं की त्या बाटलीत दूध ठेवावं. "इर्माला लाइनवरून काढून माल चढवायच्या धक्क्यावर झाडायला लावलं. सात वर्षं झाडलं तिनं. तिथूनच रिटायर झाली. गावात बायका म्हणायच्या, इर्मानं क्रोनवाल्ड बुडवली."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत होतं," व्हर्ना म्हणाली. "तेव्हाच माहीत होतं. फेस का पडतोय ते सगळ्या कारखान्यात तुला एकट्याला माहीत होतं, आणि तू काचेमागे उभा राहून बघत होतास."

इतक्या वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. दोघांनाही ते कळलं.

"मी येत नाही," लॅम्बर्ट म्हणाला. "पार्कात नाही, स्टेजवरही नाही. तुम्ही न्या बाटल्या. मी घरी बसतो."

"घरी?" व्हर्नानं नवी बाटली घेतली, बूच दाबलं, तोटी उघडली.  "गप्प बसायला वीस वर्षं मिळाली की तुला. टाय बांधलायस ना? मग यायचं. स्टेजवर काय बोलायचं ते तुझं तू बघ, मी एक अक्षर सांगायची नाही. पण यायचं."

मग ती मोजत राहिली आणि तो झाकणं पुढे करत राहिला. शहाण्णव बाटल्या निघाल्या. एकीचाही फेस पडला नाही.

चार वाजता मंडपासमोरच्या गवतावर चव्वेचाळीस घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, कंपनीच्या बाकड्यांकडे पाठ करून नाही, तोंड करून. व्हर्नानं मुद्दाम तशा मांडायला लावल्या. कंपनीचा एक तरुण माणूस, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, दोनदा येऊन बाटल्यांकडे वाकून बघून गेला. त्याला वाचायला काही सापडलं नाही.

"यात काय आहे, मॅडम?" शेवटी त्यानं विचारलं.

"बिअर," व्हर्ना म्हणाली. "पिऊन बघ. बऱ्याच दिवसांत प्यायला नसशील."

तो तसाच परत गेला. मागे हशा पिकला.

इर्मा पहिल्या रांगेत बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, भडक पिवळा झगा, लाइनवरच्या खडखडाटानं दोन्ही कान गेलेले. तिनं ग्लास उजेडाला धरून आधी काच तपासली, मगच ओतू दिलं. फेस दोन बोटं उभा राहिला. ती त्याच्याकडे बघत बसली. प्यायली नाही, नुसती बघत बसली, आणि व्हर्नाला तिच्याकडे बघवेना.

बँड थांबला. लॅम्बर्टला स्टेजवर बोलावलं, फलक हातात दिला, टाळ्या झाल्या. कंपनीच्या बाईनं माईक त्याच्या तोंडासमोर धरला. तो फलकावरची अक्षरं बघत राहिला, इतका वेळ की ती बाई ओशाळून हसायला लागली.

"माझं नाव लॅम्बर्ट हास," तो म्हणाला. "वीस वर्षांपूर्वी आमच्या बिअरचा फेस पडायला लागला, तो बिअरमुळे. ती मी बिघडवली होती. बाटल्या स्वच्छ होत्या. इर्मा कोलारनं धुतलेली एकही बाटली कधी घाण नव्हती."

त्यानं फलक माईकच्या खांबाशी टेकवून ठेवला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागला. बाकड्यांवरच्या लोकांना काही कळलं नाही, दोन-चार जणांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. घडीच्या खुर्च्यांवर मात्र कुणी हललं नाही.

इर्मानं व्हर्नाची बाही ओढली.

"काय म्हणाला गं तो?"

व्हर्ना तिच्या कानाशी वाकली आणि सगळ्या पार्काला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाटल्या स्वच्छ होत्या म्हणतोय!"

इर्मानं स्टेजकडे पाहिलं. मग ग्लास उचलून एक मोठा घोट घेतला आणि वरच्या ओठावरचा फेस बोटानं पुसला.

"ते मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "याला कळायला स्टेज लागलं होय?"

लॅम्बर्ट गवतावरून चालत येत होता. खुर्च्यांपाशी येऊन थांबला. कुणी सरकलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. इर्मानं त्याला पायांपासून टायपर्यंत एकदा न्याहाळलं, जशी ती बाटली न्याहाळायची, आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली.