दोनशे एकेचाळिसावा

दारावर टकटक झाली तेव्हा सेमिसी न्हाणीघरात डावा पाय बर्फाच्या पाण्यात बुडवून बसला होता. हॉटेलवाल्यांनी टब बांधला तो चारचौघांसारख्या माणसांसाठी. एकशे पंचेचाळीस किलोच्या गड्याचा त्यात एकच पाय धड मावत होता, म्हणून दुसरा त्याने बाहेर फरशीवर टाकला होता.

"सेमी," दाराबाहेरून खोलीतला जोडीदार हार्लन हळूच म्हणाला, "वॉल्ट आलाय."

"कुणासाठी?"

"ये तू बाहेर," तो म्हणाला.

वॉल्ट हा त्यांच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कार्यालयातला साठीचा, सडपातळ, सभ्य माणूस. वर्षभर तो कुणाच्या अध्यातमध्यात नसे. पण ऑगस्टच्या शेवटी नव्वद खेळाडूंतले त्रेपन्न ठेवून बाकीच्यांना घरी धाडायचा दिवस उजाडला, की त्याच्या पावलांचा आवाज ऐकून भलेभले श्वास रोखून बसत. निरोप द्यायचं काम त्याच्याकडे होतं. कुणी पहाटेच उठून गाडीत जाऊन लपे, कुणी फोन बंद करून ठेवी. वॉल्टने गाठलंच नाही तर नाव कापायचं राहून जाईल, अशी त्यांची भाबडी समजूत.

सेमिसी लांब पँट चढवून बाहेर आला. वॉल्टने त्याच्याकडे पाहिलं, मग डाव्या पायाखाली फरशीवर जमत चाललेल्या ओलीकडे पाहिलं.

"आंघोळ चालली होती?"

"हो."

"एकाच पायाची?"

सेमिसीने ओला पाय मागे घेतला.

"चल पैलवान," वॉल्ट म्हणाला. "साहेबांनी बोलावलंय. डावपेचांचा टॅबलेट घे बरोबर."

टॅबलेट परत घेतात म्हणजे काय, हे सेमिसीला कुणी सांगायला नको होतं. ही त्याची सरावाची तिसरी छावणी, तिसरा संघ. हार्लन खिडकीपाशी उभा राहून बाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, नुसत्या गाड्या लावलेल्या होत्या.

लिफ्टमध्ये वॉल्ट म्हणाला, "वर डॉक्टर एक कागद देतील. नीट वाचून सही कर. घाई करू नकोस. सगळे घाई करतात, आणि मग मला फोन करतात."

तीन वर्षांपूर्वी, संघ दरवर्षी नवे खेळाडू वाटून घेतात त्या निवडीत सेमिसी वाकालाहीचं नाव आलं ते सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत. दोनशे एकेचाळिसावा. टेक्सासमध्ये युलेस गावी चर्चच्या हॉलमध्ये टोंगा बेटांवरून आलेला सगळा टोंगन समाज तीन दिवस टीव्हीसमोर ठाण मांडून बसला होता. पहिल्या दिवशी अख्खं डुक्कर भाजलं. दुसऱ्या दिवशी उरलेलं खाल्लं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नाव आलं तेव्हा पडद्यावर जाहिरात चालू होती, खालच्या पट्टीत नाव सरकून गेलं, आणि जागी होती फक्त त्याची आई. ती एवढ्या मोठ्यांदा ओरडली की झोपलेल्यांना वाटलं आग लागली. मग रात्रभर गाणी झाली.

पण सातव्या फेरीची निवड म्हणजे शेवटच्या पंगतीचं पान. बसायला मिळतं, वाढायला कुणी उभं असेलच असं नाही. पहिल्या फेरीतल्या पोराला साधी शिंक आली तरी तीन डॉक्टर धावतात. सातव्या फेरीतला फिजिओच्या खोलीत दिसला, की संध्याकाळपर्यंत त्याच्या जागी दुसरा उभा असतो. हे छावणीत कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ असतं.

म्हणून एकोणीस दिवसांपूर्वी सरावात एक गडी त्याच्या गुडघ्यावर कोसळला आणि आत काहीतरी कट्‌कन वाजलं, तेव्हा सेमिसी उठला, हसला आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून मजल्यावरच्या मशीनमधला बर्फ हार्लन उशीच्या अभ्र्यात भरून आणत होता. सेमिसीने आणला असता तर कुणीतरी विचारलं असतं. हार्लन आयोवाच्या डुकरं पाळणाऱ्या घरातला. त्याला तर कुणी निवडलंही नव्हतं, तो आपणहून आला होता. दोघांची जागा एकच, आणि त्या जागेवर राहणार एकजण.

"तू नुसतं फिजिओच्या कानावर घातलंस तरी तुझं काम होईल," सेमिसी एकदा म्हणाला होता.

"माहितीये."

"मग?"

"बर्फ फुकटचा, मशीन हॉटेलचं. माझं काय जातंय?" असं म्हणून हार्लनने अभ्रा टबात रिकामा केला होता.

साहेबांचं बोलणं दोन मिनिटांत आटपलं. तुझ्यात मेहनत आहे, आकडे जुळले नाहीत, फोन चालू ठेव. तिसऱ्यांदा ऐकताना शब्दसुद्धा तेच निघाले. मग शेजारच्या खोलीत डॉक्टर. त्यांच्यासमोर तसल्याच कागदांचा गठ्ठा होता आणि डोळ्यांत झोप होती.

"कुठं दुखतंय, लागलंय?"

कागदावर दोनच चौकोन होते. 'आहे' वर खूण केली तर संघाला त्याला असं सोडता येणार नव्हतं. ऑपरेशन, औषधपाणी, हंगामभराचा पगार, सगळं त्यांच्या डोक्यावर. पण मग बत्तीसच्या बत्तीस संघांच्या यादीत त्याच्या नावापुढे गुडघा लागला असता. सव्वीस वर्षांचा, सातव्या फेरीचा, कापलेल्या गुडघ्याचा. त्याला पुन्हा कोण बोलावणार होतं? 'नाही' वर खूण केली तर तो धडधाकट आणि मोकळा. उद्या अकरापर्यंत कुठल्याही संघाला त्याला मागता येणार होतं.

वॉल्टचं बोलणं त्याला आठवलं. त्याने कागद पुन्हा वाचला. मग 'नाही' वर खूण केली.

"उकिडवा बस," डॉक्टर म्हणाले. तो बसला. "तसाच चाल." तो बदकासारखा दाराशी जाऊन परत आला. न्हाणीघराच्या फरशीवर त्याने याची रोज तालीम केली होती. दात आवळायचे नाहीत, श्वास धरायचा नाही, डोळे समोर. गुडघ्यात कुणी सळई फिरवत होतं आणि चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता.

"छान. चांगले गुडघे आहेत," डॉक्टर म्हणाले आणि सही घेतली.

सेमिसीला तेव्हा आपल्या हुशारीची किळस आली. इतकं सफाईने खोटं वठवता येत होतं, तेवढं मैदानावर काही वठवता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो युलेसच्या घरी सोफ्यावर बसला होता आणि समोरच्या टेबलावर फोन ठेवला होता. आईने लू केलं होतं, अळूच्या पानांत मांस आणि नारळाचं दूध घालून शिजवलेलं, त्याच्या आवडीचं. दहा वाजता तिने सर्वांना प्रार्थनेला चटईवर बसवलं. सेमिसी खाली बसला नाही.

"बस की," आई म्हणाली.

"सोफ्यावरून देवाला ऐकू येत नाही का?"

"येतं. पण तुझ्या आत्यालाही दिसतं."

आत्या हसली. वडील फेलेती हसले नाहीत. ते बावीस वर्षं विमानतळावर सामान चढवत-उतरवत होते. आज त्यांनी सुट्टी घेतली होती. अशी सुट्टी त्यांनी निवडीच्या वेळी घेतली होती, त्यानंतर आजच. ते मुलाच्या पायाकडे बघत होते.

साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. फोन वाजला तेव्हा आईच्या हातातला चमचा खाली पडला. विम्याची माहिती सांगणारी बाई होती. सेमिसीने तिचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेतलं, मग "नको" म्हणून ठेवून दिला.

अकरा वाजले.

"घड्याळ पुढं असेल," आई म्हणाली.

"फोनमधलं पुढं नसतं, आई."

सव्वाअकराला हार्लनचा मेसेज आला. 'मला ठेवलंय. तुझा बर्फ आता कोण आणतंय?' सेमिसीने तो दोनदा वाचला. त्याला राग आला नाही, खरं तर बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रडू आलं. त्याने फोन पालथा ठेवला. आत्या कारण नसताना स्वयंपाकघरात गेली.

"शेवटच्या सराव-मॅचला," फेलेती म्हणाले, "तू दुसऱ्यांदा पडलास, तेव्हा उठताना उजवा पाय टेकलास."

"मग?"

"तू रांगायचास तेव्हापासून आधी डावा टेकतोस."

सेमिसीने डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कागदावर काय लिहिलंस?"

"काही नाही म्हणून लिहिलं, बाबा. फोन येईल असं वाटलं."

आता बाप ओरडेल, निदान बिनडोक तरी म्हणेल, म्हणून सेमिसी वाट बघत होता. त्याला ते हवंही होतं.

"आमच्याकडं दर मार्चला तपासणी असते," फेलेती म्हणाले. "उकिडवं बसवतात, पेटी उचलायला लावतात. बावीस वर्षं मीही तेच लिहितोय."

ते उठले. भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले. फ्रीज उघडल्याचा, मग ट्रे ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. ते परतले तेव्हा हातात पंच्यात गुंडाळलेला बर्फ होता.

"पँट वर घे."

"आई आहे."

"असू दे."

सेमिसीने पँट गुडघ्याच्या वर सरकवली. आईने पाहिलं. तिने तोंडावर हात धरला आणि मग जे करायचं तेच केलं, जाऊन लूच्या भांड्यावरचं झाकण काढलं.

फेलेती चटईवर बसले. मुलाच्या गुडघ्याभोवती पंचा घालून त्यांनी सावकाश गाठ मारली, फार घट्ट नाही, फार सैल नाही. बावीस वर्षांच्या सवयीची गाठ होती ती. मग उठायला म्हणून त्यांनी हात वर केला. सेमिसीने तो धरला, ओढायला पायावर भार दिला आणि कळवळून पुन्हा सोफ्यात बसला. पुन्हा एकदा करून पाहिलं. जमलं नाही.

"राहू दे," फेलेती म्हणाले. "इथंच बसतो."

ते सोफ्याला पाठ टेकून, मुलाच्या पायाशी बसून राहिले. आईने दोघांची पानं तिथेच आणली. फोन हलवून तिने टेबलाच्या कडेला ठेवला, आणि मोकळ्या झालेल्या जागी लूचं भांडं मांडलं.