पालथं झोपवा हो, बाई!

मित्रांनो, ज्याच्यावर कोणी जेवत नाही की लिहीत नाही, असं एक जुनं टेबल मी आहे. माझ्यावर माणसं झोपतात, आणि तीही कण्हत. हाडांच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातलं मी तपासणीचं टेबल.

सुताराने मला सागवानाचं घडवलं. पण बाईंनी पाहताच नाक मुरडलं. "उंची माझ्या कमरेइतकी हवी. नाहीतर दुसऱ्यांचे गुडघे ओढता ओढता माझीच कंबर जायची!" बिचाऱ्याने माझे पाय पुन्हा कापले. तेव्हापासून बाईंचं आणि माझं छान जमलं.

काय काय पाहिलंय मी! बाई एखाद्या खेळाडूचा गुडघा वाकवतात, त्याच्या पावलावर अलगद टेकतात आणि नडगी दोन्ही हातांनी पुढे ओढतात. हाडांना जोडणारा आतला बंध शाबूत असेल तर नडगी जागीच अडते. तुटला असेल तर कपाटाचा खण उघडावा तशी पुढे येते! दरवेळी मी श्वास रोखून बघतं. आणि हो, आधी नेहमी चांगली बाजू तपासायची. दुखऱ्या पायाचं खरं-खोटं बऱ्या पायालाच विचारावं, असं बाई म्हणतात.

मध्यंतरी बटणावर वरखाली होणारं नवं टेबल आलं आणि माझ्यावर टॉवेलच्या घड्या चढल्या. फार वाईट वाटलं मला. पण त्या नव्या पाहुण्यावर बाईंचा हात बसेना. "हे डुलतं फार," म्हणाल्या आणि टॉवेल हटवून मला पुन्हा कामाला लावलं.

म्हणूनच ती संध्याकाळ माझ्या वाट्याला आली! एक बसचालक मुलीच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आत आले. मागून, अंतर राखून, मान खाली घातलेला जावई. सासरे-जावई जोडीने बॅडमिंटन खेळत होते. सासरे पुढे, जावई मागे. सासऱ्यांनी झेप घेतली आणि 'फट्!' टाचेच्या वर सणसणीत तडाखा बसला. वळून पाहतात तर मागे एकच माणूस, आणि त्याच्या हातात रॅकेट.

आता जावयाला शिव्या तरी कशा द्यायच्या? मानाचा माणूस! सासरे दातओठ खात गोड बोलत होते.

"जावईबापूंनी मुद्दाम नाही मारलं हो, बाई. शटल कुठलं आणि सासरा कुठला, एवढंच त्यांना कळलं नाही."

"बाबा, मी केवढा लांब होतो!" जावई कळवळून म्हणाला.

"मग रॅकेट लांब असेल."

मुलीचे डोळे भरून आले. "बाई, बाबा म्हणतात, यापुढे माहेरी आलीस तर एकटीच ये. आता मी काय करू?"

हे ऐकलं आणि माझी फळी न् फळी थरारली! कारण ही गोष्ट मला ठाऊक होती. एक नर्तकी माझ्यावर बसून मैत्रिणीने लाथ मारली म्हणून रडली होती. एक पोलीस तर दगड मारणाऱ्याला शोधून दमला होता. मला ओरडावंसं वाटत होतं, 'पालथं झोपवा हो, बाई! आधी पालथं झोपवा!' पण टेबलाला चार पाय असतात, तोंड नसतं.

सासरे ऐकायलाच तयार नव्हते. "मुका मार आहे. ही बघा, बोटं हलतात. मलम द्या, सकाळी गाडी काढायचीय."

बाईंनी टाचेच्या वर बोट फिरवलं. एका जागी ते थांबलं.

"पालथे झोपा. पावलं टेबलाबाहेर सोडा."

अहाहा! मला इतका आनंद झाला की मी करकरलंच. बाईंनी आधी बऱ्या पायाची पोटरी दाबली. पाऊल टुणकन हललं. मग मुलीला आणि जावयाला जवळ बोलावून दुखऱ्या पायाची पोटरी दाबली. पाऊल ढिम्म. पुन्हा दाबली. ढिम्म!

"टाचेची शीर तुटलीय," बाई म्हणाल्या. "पोटरीची ओढ टाचेपर्यंत पोचतच नाही. बोटांच्या शिरा वेगळ्या, म्हणून ती हलतात. झेप घेताना ही आपली आपण तुटते, आणि ज्याची तुटते त्याला वाटतं, मागून कोणीतरी हाणलं. रॅकेट लागली असती तर वळ नसता उठला? दाखवा मला कुठे आहे तो."

सासऱ्यांचं तोंड उशीत होतं. मग उशीतूनच आवाज आला.

"जावईबापू, मागून धडक बसली की चूक मागच्या गाडीची, असं जन्मभर भांडत आलो. इथे मागे गाडीच नव्हती हो. चुकलं माझं."

जावयाने ते लोंबकळणारं पाऊल दोन्ही तळव्यांवर हळूच पेललं.

"अहो, अहो, पाय काय धरता! जावई ना तुम्ही?" सासरे ओरडले.

"गप्प पडा, बाबा. बाईंना पट्टी बांधायचीय."

मुलगी रडता रडता खुदकन हसली. बाईसुद्धा हसल्या, आणि मी तर केव्हाचं हसत होतं.

मित्रांनो, खेळताना लागलं तर 'काही नाही झालं' म्हणत लंगडत फिरू नका. दोन्ही पाय डॉक्टरांना नीट बघू द्या. आणि कोणावर बोट दाखवायच्या आधी त्याचंही म्हणणं ऐका. तुटलेली शीर बाई जोडून देतात. आपल्यापासून तुटलेल्या माणसासाठी मात्र माझ्यावर कितीही वेळ पालथे पडलात, तरी काही उपयोग नाही.