राखीच्या सुरीचं टोक

सोमवारी दुपारपासून अंबादासला एका जागी बसवत नव्हतं. जबलपूरच्या घमापुरातल्या त्या दोन खोल्यांत येरझारा घालायला जागा ती किती, पण तेवढ्यातही तो घालत होता, आणि विळीवर भाजी चिरत बसलेली कुसुमबाई दर फेरीला आपले पाय आवरून घेत होती.

"काय शोधून राहिले?" तिने शेवटी विचारलं.

"काही नाही."

"मग ते सापडलं की बसा."

गोष्ट अशी होती, की त्या दिवशी सकाळी अंबादासने आपल्या मुलीची सुरी कायमची बिघडवली होती, आणि हे त्याच्याशिवाय जगात कुणाला माहीत नव्हतं.

मुलगी म्हणजे राखी. जबलपुरातल्या एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात तीन वर्षं राबलेली, आणि आता नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलाने ट्रायलला बोलावलेली. ट्रायल शनिवारी, बस शुक्रवारी सकाळची. तिथे कांदे, गाजरं, कोंबडी, सगळं मोठ्या शेफच्या डोळ्यांसमोर कापून दाखवायचं आणि तेही ज्याच्या त्याच्या सुरीने. राखीची सुरी वीतभर लांब, परदेशी पोलादाची. ती तिने इतक्या हौसेने घेतली होती, की पहिले आठ दिवस उशाशी घेऊन झोपायची.

रविवारी तिने बापासमोर फोन धरला. "बाबा, इथे हॉटेलात धारेची मशीन आहे. तिथे खोलीवर माझं मलाच पाहावं लागणार. हे चार प्रकार आहेत, तुम्ही एक निवडून द्या. तुमच्याइतकं कोणाला कळते?"

प्रकार असे होते: एक खाचेत पातं घालून ओढायची डबी, एक विजेवर गुरगुरणारं डबडं, एक नुसते दगड, जाड कणाचे आणि बारीक कणाचे, आणि एक असं यंत्र, की पातं चिमट्यात पकडायचं आणि दांडीला लावलेला दगड ठरल्या कोनात वरखाली फिरवायचा. अंबादासने एकतीस वर्षं रिछाईच्या एका कारखान्यात लेथच्या, म्हणजे लोखंड कापायच्या, टूलांना धार लावली होती. मुलीच्या त्या शेवटच्या वाक्याने त्याची छाती चांगली दोन इंच फुगली आणि तिथेच घात झाला.

"यंत्र मग पाहू," तो म्हणाला. "पहिले एकदा तुझ्या बापाच्या हातची धार पाहून घे."

सकाळी सुरी फडक्यात गुंडाळून तो रिछाईला नथ्थूच्या वर्कशॉपमध्ये गेला. नथ्थू त्याच्याच बरोबरीचा, कारखान्यातला जुना सोबती. नथ्थूने धारेचं चाक चालू करून दिलं आणि "देख लो भैया, अपना ही समझो" म्हणून तो बाहेर टेम्पोवाल्याशी वाद घालायला गेला.

आता लेथच्या टूलाचं पोलाद मोठं सोशीक. चाकावर तापलं, निळं पडलं, तरी त्याचं काही बिघडत नाही. सुरीचं तसं नसतं. हे अंबादासला माहीत नव्हतं असं मुळीच नाही; नवशिक्यांना त्याने हेच शंभरदा सुनावलं होतं. पण त्याच्या हाताला एकतीस वर्षं टूलांची सवय. पातं टोकाकडे पातळ होत गेलं तरी हात आपल्या जुन्याच चालीने चालला, टोकाशी क्षणभर रेंगाळला, आणि तिथे अंगठ्याच्या नखाएवढा निळाजांभळा डाग उमटला. पोलाद तेवढ्या जागी मऊ पडलं. त्याला धार लागणार, पण टिकणार नाही, आणि गेलेला कडकपणा कुठल्याही दगडाने परत येणार नाही.

अंबादासने दाराकडे पाहिलं. नथ्थूचा वाद रंगात आला होता. मग अंबादासने ते केलं, ज्यासाठी त्याने दुसऱ्या कुणाला कारखान्याच्या फाटकाबाहेर काढलं असतं. त्याने बारीक पॉलिश पेपर घेतला आणि तो निळा रंग घासून घासून घालवला.

घरी राखीने टोमॅटोची चकती कापली. त्या चकतीतून पलीकडचं दिसत होतं. तिने आईला हाक मारून ती दाखवली. "बाबा, जबरदस्त," ती म्हणाली, "अशी धार आमच्या शेफलाही नाही लावता येत." अंबादास हसला आणि बाहेर जाऊन गळक्या नळाचं फडकं उगाच घट्ट बांधून आला. त्याला लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. या घरात त्याने पोरीला फारसं काही दिलं नव्हतं. पण बाबांचा हात म्हणजे बाबांचा हात, एवढं एक तिच्या मनात होतं, आणि ते त्याला जाऊ द्यायचं नव्हतं.

मंगळवारी राखी कांद्यांची पिशवी घेऊन सरावाला बसली. दहाएक कांदे सुरेख झाले. अकराव्याला टोक अडलं. शेवटच्या चिरा सुटेनात, एकमेकींना धरून राहिल्या. राखीने सुरी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. तिच्याकडे एक दगड होता; तो भिजवून तिने ओल्या फडक्यावर ठेवला आणि अर्धा तास बसून टोकाला धार लावली. पुन्हा कांदे घेतले. दहा झाले, अकराव्याला तेच.

"माझाच कोन चुकून राहिला," ती पुटपुटली.

"राखी, तो चाकू..." अंबादासने सुरुवात केली.

"हो ना बाबा, समजलं मला. तुम्ही लावून दिलेली धार मी एका दिवसात घालवली."

अंबादासने पायात चपला घातल्या आणि तो कांचघरच्या बाजारात गेला. वाटाण्याच्या ढिगांमधून वाट काढत हार्डवेअरच्या दुकानात पोचला आणि डबी घेऊन आला. एखादं यंत्र तरी टोक सावरून घेईल, निदान शनिवारपर्यंत, असं त्याने मनाशी धरलं होतं. डबीने पातं असं ओरबाडलं, की राखीने दुसऱ्या ओढीलाच हात मागे घेतला. मग तो कुरुंदाचा जाड दगड घेऊन आला, मग एक बारीक. बुधवारी बड्या फुहाऱ्याच्या बाजारात तीन दुकानं पालथी घालून चिमट्याचं यंत्रही आणलं. प्रत्येक वेळी त्याने मुलीला त्या वस्तूचे गुण सांगितले, आणि बोलताना तो तिच्या डोळ्यांकडे न पाहता खिडकीच्या गजांकडे पाहत राहिला.

चिमट्याचं यंत्र खरोखर चांगलं निघालं. अंबादासने आधी आपल्या खिशातला घडीचा चाकू त्यात धरून पाहिला. वीस अंश म्हटलं की वीस, हात थकला तरी कोन ढळत नाही. चाकूने हातावरचा केस उडाला. एरवी अशा यंत्रापुढे तो दिवसभर नादावून बसला असता. मग राखीची सुरी लावली. टोक लखलखीत झालं, टोमॅटो कापला, कांदे कापले. अकराव्या कांद्याला राखीने सुरी खाली ठेवली आणि डोळे पुसले. कांद्यामुळेच पुसले असतील, असं अंबादासने स्वतःला सांगितलं.

त्या दिवशी त्याने घरातलं होतं नव्हतं तेवढं सगळं धारेला लावलं. कात्री झाली, खोबऱ्याचा जुना चाकू झाला, शेजारच्यांचा अडकित्ता मागून आणला. शेवटी कुसुमबाईची विळी झाली. संध्याकाळी कोबी चिरताना कुसुमबाईचं बोट कापलं.

"वीस वर्षं माझी विळी मला ओळखत होती," बोट तोंडात धरून ती म्हणाली. "आता हात लावाल तर पाहा. काय झालं तुम्हाला? जेवण धड नाही, झोप धड नाही. पोरगी चालली म्हणून असं करून राहिले काय?"

"हो," अंबादास म्हणाला. हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं, म्हणून त्याला स्वतःचा आणखी राग आला.

गुरुवारी सकाळी राखीने दगड काढलाच नाही. पिशवीत अर्धे कांदे तसेच राहिले होते. ती पुढच्या पडवीत पायरीवर बसून फोनवर काहीतरी लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. अंबादास दोनदा तिच्याजवळून गेला आणि तिसऱ्यांदा थांबला.

"काय लिहून राहिली?"

"नागपूरला कळवते. सध्या नाही जमत म्हणून. पुढे कधी बोलावलं तर पाहू."

"काहून?"

"काहून म्हणजे काय, बाबा?" ती शांतपणे म्हणाली. "तिथे दोन तास कापायला लावतात. ज्याला स्वतःचा चाकू सांभाळता येत नाही त्याला कोण घेते? तीन दिवस झाले, चार-चार प्रकारांनी करून पाहिलं. यंत्रानेसुद्धा नाही जमलं. म्हणजे वापरतानाच माझा हात कुठे तरी चुकते. तुमचा हात माझ्यात नाही आला, बस. चलो, आता एवढं पाठवून देते."

तिचा अंगठा फोनवर आला.

"फोन ठेव," अंबादास म्हणाला.

त्याचा आवाज असा फाटला होता, की आत कुसुमबाईची विळी थांबली. राखीने वर पाहिलं.

"चाकू खराब आहे. टोकाशी जळला. सोमवारी, चाकावर. तेवढं पोलाद मऊ झालं, तिथे धार टिकतच नाही. कोणाच्याच हाताने नाही टिकणार."

राखीने शेजारी ठेवलेल्या फडक्यातून सुरी काढली. टोक उन्हात फिरवून फिरवून पाहिलं. तिथे दिसण्यासारखं काही नव्हतं.

"अच्छा," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जीव आल्यासारखं झालं. "नथ्थूकाकांनी धरला होता का?"

हे अंबादासच्या ध्यानीमनी नव्हतं. वाट आपण होऊन समोर आली होती. नथ्थूला सांगितलं तर तो नावही घेऊ देईल, वर दोन शिव्या हासडून चहा पाजेल. मुलगी नागपूरला जाईल, हॉटेलात लागेल, आणि बाबांचा हात जिथल्या तिथे राहील. त्याला फक्त एक हो म्हणायचं होतं. कालच कुसुमबाईला एक म्हणून झालं होतं.

"नाही," तो म्हणाला. "मीच धरला होता. निळा पडला. मग तुला दिसू नये म्हणून मी तो घासून काढला."

राखीने सुरी मांडीवर ठेवली.

"म्हणजे मंगळवारपासून मी जे करून राहिली होती..."

"बरोबर करून राहिली होती. मऊ पोलादाला तू सात-आठ वेळा धार आणली. मला नसती आणता आली."

"आणि तुम्ही पाहून राहिले होते."

"हो."

"समोर बसून."

"हो."

कुसुमबाई दारात येऊन काहीतरी म्हणणार होती. राखीने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती थांबली. राखीने लिहिलेला निरोप पुसला, फोन बाजूला ठेवला. मग तिने पेन आणून पात्यावर टेकवलं.

"कुठपर्यंत मऊ आहे?"

अंबादासने नखाने जागा दाखवली. तिने तिथे रेघ ओढली.

"एवढं घासून काढलं तर खालचं चांगलं?"

"एकदम चांगलं. पेरभर आखूड होईल आणि टोकाचा आकार नवा द्यावा लागेल."

त्याने आणून टाकलेल्या त्या सगळ्या पसाऱ्यातून राखीने कुरुंदाचा जाड दगड तेवढा उचलला. पाणी मारलं आणि पायरीवर बैठक मारून ती घासू लागली. कडक पोलाद जाड दगडावर झिजवायचं म्हणजे घाम काढणारं काम. पाऊण तासात तिचा अंगठा लाल झाला. अंबादासने हात पुढे केला.

"दे, थोडं मी घासतो. संध्याकाळ होईल तुला."

"नाही."

"अगं, दुखेल..."

"तुम्ही हात नका लावू, बाबा," मान वर न करता ती म्हणाली. "इथे बसा आणि पाहा. मी चुकली तर सांगा."

तो बसला. ऊन पायरीवरून सरकत भिंतीवर गेलं. मधूनच ती विचारायची, "कोन?" आणि तो म्हणायचा, "बरोबर." तो तिला बरं वाटावं म्हणून म्हणत नव्हता, कोन बरोबरच होता. एकदा ती टोकाशी मनगट उचलत होती, तेव्हा त्याने सांगितलं आणि तिने लगेच सुधारलं. जाड दगड झाला, मग बारीक झाला. चिमट्याचं यंत्र कोपऱ्यात पडून होतं, त्याच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

चारच्या सुमारास तिने उरलेली कांद्यांची पिशवी ओढली. दहा झाले. अकरावा झाला. शेवटच्या चिरा सुटून पाटावर पसरल्या. बारा, पंधरा, वीस. राखी थांबली तेव्हा पिशवी रिकामी होती आणि कुसुमबाई एवढ्या कांद्याचं करायचं काय म्हणून पातेलं शोधत होती.

राखीने सुरी धुतली, पुसली, आखूड झालेलं पातं एकदा उजेडाकडे धरून पाहिलं. अंबादासला फार वाटलं, की ती एकदा हातात घ्यावी आणि अंगठ्यावर धार पाहावी. राखीने सुरी फडक्यात गुंडाळून नागपूरच्या बॅगेत ठेवली आणि चेन लावली. त्याने ती मागितली नाही.