फाटकावरची बरणी

"बटाटे?" रुम्यानाने विचारलं.

"आहेत की," त्सोना म्हणाली.

"किती?"

"मला मरेपर्यंत पुरतील आणि मयताला येणाऱ्यांना वाढता येतील एवढे."

"आई, मी किलोत विचारतेय."

"मग ऐंशी लिही. मयताला वेलिका जेवायला बसली तर नव्वद लागतील."

वेलिका म्हणजे मी. समोरच्या घरात राहते, वय एकोणऐंशी. त्या रविवारी त्सोनाच्या तळघरात उपड्या खोक्यावर बसून तिचेच सुके आलुबुखारे चघळत होते. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण समोरच्या घरात परीक्षा चाललेली असताना मी आपल्या घरी मोजे विणत बसले असते, तर गावाने मला आजारी समजून डॉक्टर आणला असता.

परीक्षा त्सोनाची, आणि परीक्षक तिची लेक. रुम्याना बावीस वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला, एका वृद्धाश्रमात नर्स आहे. गेल्या हिवाळ्यात बर्फाने आमच्या गावचा रस्ता बंद झाला, तारा तुटल्या, फोन मुका झाला. चार दिवस. आम्हा दोघींना काही वाटलं नाही. चुलीशी बसून पत्ते खेळलो, त्सोनाने लबाडी करून सत्तावीस डाव जिंकले. पण तिकडे रुम्याना चार दिवस दुसऱ्यांच्या आयांना भरवत होती आणि आपली आई आहे की गेली, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

म्हणून या डिसेंबरात ती दोन गोष्टी घेऊन आली. एक, म्हाताऱ्या माणसांनी अडीअडचणीसाठी घरात काय काय भरून ठेवावं याची कुठूनशी छापून आणलेली दोन पानी यादी. दुसरी, बसची दोन तिकिटं.

"यादीतलं सगळं निघालं तर तू इथे राहा," तिने आल्या आल्या सांगितलं. "एक गोष्ट जरी अडली, तर हा हिवाळा माझ्याकडे. सोमवारी निघायचं."

त्सोना एकदा गेली होती श्टुटगार्टला. चौथ्या मजल्यावर अकरा दिवस राहून आली. मी विचारलं, "कसं आहे गं?" तर म्हणाली, "खिडकीतून समोरची खिडकी दिसते. तिथे बाई उभी असली तर आपल्याला बघून पडदा ओढते." पुढे तिने त्या गावाचं नाव काढलं नाही.

तर परीक्षा. खरं सांगू, त्सोनाचं तळघर असं आहे की एखादं उपाशी सैन्य आत शिरलं तर जिंकायचं विसरून तिथेच संसार थाटेल. एका भिंतीला बरण्याच बरण्या. लाल मिरच्या भाजून, सोलून, टोमॅटोबरोबर दिवसभर घोटलेली ल्युतेनित्सा, नुसत्या तिच्याच साठ बरण्या. मग चेरी, जर्दाळू, घेवडा, काकड्या. पिपात खारवलेला कोबी, छताला लसणाच्या वेण्या, कोपऱ्यात आलुबुखाऱ्याची घरगुती दारू, राकिया. ती चुकून सांडली तर जमिनीतल्या गांडुळांची लग्नं लागतील.

रुम्याना एकेक ओळ वाचत होती आणि खूण करत होती.

"पाणी?"

"विहीर आहे. शिवाय बारा कॅन."

"औषधं? दहा दिवसांची पाहिजेत."

त्सोनाने अंड्यांचे पुठ्ठे पुढे केले. खळग्या-खळग्यात गोळ्या, खाली वार लिहिलेले. रुम्यानाने चष्मा सरकवून पाहिलं. "आमच्याकडे याला प्लॅस्टिकचा डबा असतो," ती हळूच म्हणाली, आणि खूण केली. पेन ती विचित्र धरत होती, अंगठा आत मुडपून. मी ते पाहिलं. माझे डोळे अजून चांगले आहेत, बाकीच्या अवयवांबद्दल विचारू नका.

"मेणबत्त्या? काडेपेट्या? लाकूड? घोंगड्या?"

"आहेत, आहेत, आहेत, वर आहेत."

"शिट्टी?"

"शिट्टी कशाला गं?"

"पडलीस तर कोणाला बोलवायला."

त्सोनाने गळ्यातली दोरी ओढून पोलक्यातून शिट्टी काढली. तिचा नवरा दिमो गावातल्या फुटबॉलचा पंच होता, त्याची. तिने अशी फुंकली की माझ्या कोंबडीने रस्त्यापलीकडे अंडं घातलं. डिसेंबरात! विश्वास नसेल तर नसू दे, अंडं मी खाल्लं.

रुम्याना हसली. आल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, जिंकलो.

"शेवटची ओळ," ती म्हणाली. "डबे आणि बरण्या उघडण्याची सोय."

तळघरात एकदम गार झालं.

आता तुम्हाला सांगायलाच हवं. त्सोनाने एकतीस वर्षं बरण्यांच्या कारखान्यात काढली, झाकणं लावायच्या पट्ट्यावर. मशीन झाकण ठेवायचं, त्सोना हाताने आवळून बघायची. पाळीला चार हजार. अख्ख्या बल्गेरियात जितकी माणसं तितकी झाकणं तिच्या हाताखालून गेली असतील. त्या हातांनी बंद करताना कधी कुरकुर केली नाही. उघडायची वेळ आली तेव्हा मात्र संपावर गेले. बोटं आल्याच्या मुळासारखी वेडीवाकडी. दिमो होता तोवर तो उघडायचा. तो गेल्यावर मी दोन वर्षं उघडल्या. मग माझेही हात गेले. आता दोघींची मिळून वीस बोटं आहेत, कामाचं एकही नाही.

चमच्याने ठोका, गरम पाण्यात धरा, हे आम्हाला शिकवू नका. सगळं करून झालंय. झाकणाला भोक पाडलं की झाकण वाया, आणि झाकण वाया घालवणारी बाई आमच्या गावात अजून जन्मायचीय.

रुम्याना यावर बोट ठेवणार हे मला माहीत होतं. नर्स आहे ती. म्हणून शुक्रवारी पोस्टमन मिंचो आला तेव्हा मी त्याला गुपचूप तळघरात नेलं, पुढच्याच रांगेतल्या एका बरणीचं झाकण सैल करून घेतलं आणि त्सोनाला ओळखू यावी म्हणून बरणीच्या गळ्याला दोरा बांधला. मार्च लागला की आम्ही मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतो ना, तोच. हाताशी तोच होता.

"एक उघडून दाखव, आई," रुम्याना म्हणाली.

त्सोनाने शांतपणे दोरावाली बरणी उचलली.

"थांब. हा दोरा कसला?"

"सजावट," मी म्हणाले.

"डिसेंबरात? मार्चचा दोरा?" रुम्यानाने माझ्याकडे पाहिलं. "वेलिका मावशी, शाळेत असताना माझ्या दप्तरात बेडूक कोणी ठेवला होता?"

"तो आपणहून गेला होता. त्याला शिकायचं होतं."

तिने ती बरणी बाजूला ठेवली आणि मागच्या रांगेतली दुसरी आईच्या हातात दिली.

मी बोलायला लागले. संकटात मला तेवढंच येतं. "झाकणावरून आठवलं, माझ्या सासूच्या बरणीचं झाकण एकदा असं उडालं की डॅन्यूब ओलांडून रोमानियात पडलं. आठवड्याने तिकडचा पोलीस घेऊन आला. म्हणाला, बाई, झाकण तुमचं, पण आमची गाय..."

"मावशी."

मी तोंडात आणखी एक आलुबुखारा कोंबला.

त्सोनाने बरणी छातीशी धरली. झाकणावर हात ठेवला. वळवला. हात वळला, झाकण नाही. पुन्हा. तिचा चेहरा तसाच, फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिसऱ्यांदा तिने प्रयत्न केला नाही.

"मी रबराचा पट्टा पाठवला होता ना उघडायला?"

"त्याला धरायलाही मूठ लागते, पोरी. त्याने खुराड्याचं दार बांधलंय."

"बघ म्हणजे," रुम्याना म्हणाली, पण तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. "एवढं सगळं भरून ठेवलंयस, आई, आणि याच्यासमोर तू उपाशी राहशील." तिने बरणी घेतली. "आण, निदान आज तरी..."

तिने जोर लावला. आणखी लावला. चेहरा टोमॅटोसारखा झाला. "हाताला घाम आलाय," ती म्हणाली आणि बरणी खाली ठेवली. अंगठा तिने दुसऱ्या मुठीत लपवला. तिथे बुडाशी सूज होती. मी पाहिली, त्सोनानेही पाहिली.

मग त्सोनाने शाल घेतली, बरणी बगलेत धरली आणि जिना चढून निघाली. आम्ही मागोमाग. बाहेर बर्फ पडत होतं. ती अंगण ओलांडून फाटकापाशी गेली, खांबावरचं बर्फ बाहीने झाडलं, बरणी वर ठेवली आणि परत आली. स्वयंपाकघरात येऊन कॉफीचं भांडं चुलीवर चढवलं.

"हे काय केलंस?" रुम्याना म्हणाली.

"उघडतेय," त्सोना म्हणाली. "मला उघडायला जरा वेळ लागतो, एवढंच."

तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. पाच वर्षं हेच चाललंय. फाटकावर बरणी दिसली की जाणारा-येणारा उघडतो, झाकण सैल करून तशीच ठेवतो आणि पुढे जातो. मिंचो उघडतो, मेंढ्यांवाला उघडतो. एकदा पाद्रीबाबांनी उघडली, तर तिच्यातल्या काकड्या वर्षभर टिकल्या.

"आणि आज?" रुम्यानाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "रविवार. पोस्ट बंद. असल्या बर्फात कोण येणार? हेच तर मी म्हणतेय, आई. अडचण येते ती अशाच दिवशी."

आम्ही तिघी खिडकीशी बसलो. कॉफी झाली. बरणीवर बर्फाची टोपी चढली. रुम्याना घड्याळाकडे बघत नव्हती, पण बघत नाही हे दिसत होतं. तिकिटं तिच्या पर्सच्या कप्प्यातून डोकावत होती. पाऊण तास गेला. बाहेर जाऊन कोणालातरी कानाला धरून आणावं, असं माझ्या मनात आलं. पण धरायला कान तरी हवा. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

त्सोना उठली. मला वाटलं, बॅग भरायला.

"आला," ती म्हणाली.

रस्त्याच्या टोकाकडून काठी टेकत एक फरची टोपी येत होती. मी नाक काचेला टेकवून बघितलं. स्तामेन! अकरा वर्षांपूर्वी त्याच्या बकरीने त्सोनाचे चोवीस कोबी खाल्ले, तेव्हापासून त्सोना त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही. चर्चमध्ये तो डावीकडे उभा राहिला तर ही उजवीकडे.

स्तामेन फाटकाशी थांबला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हातमोजा दातांनी ओढला. बरणी काखेत धरून एक पीळ दिला. मग आत बोट घातलं, चाटलं, डोळे मिटून उभा राहिला. पुन्हा बोट घातलं. झाकण ठेवलं, खांबावर साचलेलं बर्फ हाताने झाडलं, बरणी परत वर ठेवली आणि आला तसा निघून गेला.

"दोनदा घातलंन् बोट, मेल्याने," त्सोना म्हणाली.

"तुला ठाऊक होतं? तो उघडतो म्हणून?" मी ओरडलेच. पाच वर्षं समोर राहून हे मला माहीत नाही म्हणजे काय!

"रविवारची तोच उघडतो. झाकण तिरकं ठेवतो ना. कारखान्यात असता तर पहिल्याच दिवशी काढला असता."

"आणि तरी बोलत नाहीस?"

"कशाला बोलू? चोवीस कोबी होते."

रुम्याना हसायला लागली. अशी हसली की तिला टेबल धरावं लागलं, मग डोळे पुसावे लागले, मग पुन्हा हसली, आणि मधेच ते हसू राहिलं नाही. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी खिडकीबाहेर बघत राहिले, मलाही कधीकधी कळतं.

शेवटी तिने यादी ओढली आणि शेवटच्या ओळीसमोर खूण केली. पेन तसंच, अंगठा मुडपून.

"मार्चपर्यंत," ती म्हणाली. "आणि रोज फोन."

"रोज काय बोलायचं?"

"बरणी उघडली की नाही, ते."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. बॅगेत आईने सहा बरण्या घातल्या. निघताना मी तिच्या कोटाच्या बटणाला तो लाल-पांढरा दोरा बांधला, बेडकाच्या वतीने.

त्यानंतर फोन रोज यायचा. त्सोना सांगायची: आज मिंचोने उघडली. आज मेंढ्यांवाल्याने. आज तिरकी.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी तिच्याकडेच होते, पत्त्यांत हरत. फोन आला तर त्सोना काही सांगायच्या आधीच रुम्याना बोलायला लागली. तुझी ल्युतेनित्सा घेतली, तर झाकण निघेना. अंगठ्याचं दुखणं वर्षभर आहे, सांगितलं नव्हतं. शेवटी बरणी दाराबाहेर जिन्यात ठेवली, कठड्यावर. चार दिवस तशीच. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जायचे.

"आणि?" त्सोनाने पत्ते खाली ठेवले.

"आज कामावरून आले तर झाकण सैल होतं."

"कोणी उघडली?"

"माहीत नाही, आई. चौथ्या मजल्यावर तीन घरं आहेत."

"बोट घातलंय का?"

तिकडे झाकण काढल्याचा आवाज आला.

"घातलंय," रुम्याना म्हणाली.

त्सोनाने विचार केला. तिने घाई केली नाही, परीक्षा घेताना घाई करू नये.

"बरं," ती म्हणाली. "मग हा हिवाळा राहा तिथेच."