कडा कापणारं पाणी

कागद गिरणीतली नोझलं सांभाळायचं काम ताईकडे होतं. तिला ताई म्हणायचा खरा हक्क एकाचाच, तिच्या धाकट्या भावाचा. पण चार वर्षांपूर्वी तो गिरणीत लागला आणि दिवसातून दहा वेळा "ताई, ताई" करत वर्कशॉपात डोकवायला लागला, तशी ती वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळ्यांचीच ताई झाली. त्याला चिकटवलं होतं तिनेच. आई-वडील गेल्यावर त्याचं शिक्षण, लग्न, सगळं तिनेच पार पाडलं होतं. स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं, त्याबद्दल ती कधी बोलायची नाही.

काम बारीक होतं. मोठ्या मशीनवर पातळ लगदा फिरत्या जाळीवर पसरतो, पाणी खाली गळतं आणि वर ओला कागद राहतो. त्या कागदाच्या दोन्ही कडांवर सुईसारखी पाण्याची धार सतत पडत असते. ती कड सरळ कापते. नोझलचं भोक केसभर जरी मोठं झालं तरी धार फिसकटते, कड कुरतडल्यासारखी होते, आणि पुढे रोलरांमध्ये ताण आला की कागद तिथूनच टर्रकन फाटतो.

दर सोमवारी ताई नोझलं काढायची, भिंगाखाली धरायची. भोक गोल आहे की अंड्यासारखं झालंय ते बघायची. मग धारेखाली डबा ठेवून घड्याळ लावायची. चांगल्या नोझलला डबा भरायला पंचाहत्तर सेकंद लागायचे. डबा लवकर भरला, की भोक झिजलं.

त्या वर्षी गिरणीने पाणी वाचवायला वापरलेलं पाणीच गाळून परत फिरवायला सुरुवात केली. गाळणी जुनी, फाटकी. पाण्यातून बारीक कच यायची आणि सहा महिने टिकणारं नोझल सहा आठवड्यांत झिजायचं. स्टोअरमधली नोझलं संपली. ताई मेंटेनन्सच्या साहेबांकडे गेली. या साहेबांना सगळी गिरणी पाठीमागे 'बघू साहेब' म्हणायची. भिंत पडली असं सांगितलं तरी ते "बघू" म्हणाले असते.

"साहेब, डबा पन्नास सेकंदांत भरतोय," ताई म्हणाली. "नोझलं हवीत आणि गाळणी बदलायला हवी."

"बघू. पुढच्या शटडाऊनला घेऊ."

"शटडाऊनला अजून दोन महिने आहेत. रजिस्टरमध्ये 'झिजलेलं' लिहिलं तर नियमाने मशीन थांबवावं लागेल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणून तर सांगतोय, ठीक लिहा. वरून माणसं कमी करायची यादी मागितलीय. मशीन थांबलं तर यादी वाढेल. आणि यादी सुरू होते ती नव्या माणसांपासून. तुमचा भाऊ कधी लागला?"

ते धमकी देत नव्हते. त्यांच्याही डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. ताईने त्या सोमवारी 'ठीक' लिहून सही केली. पुढच्या सोमवारीही. तिसऱ्या सोमवारी तिने डबाच लावला नाही, नुसती सही केली.

भाऊ रोलरांवर होता. कागद फाटला की तो रोलरांवरून ओढून काढायचा आणि नवं टोक पुढे घालायचं, हे त्याचं काम. पूर्वी पाळीत एखाद्या वेळी फाटायचा, आता पाच-पाच वेळा. नियम असा की मशीन थांबवूनच हात घालायचा. पण एकदा थांबवलं की परत चालू व्हायला दोन तास जायचे, म्हणून कुणीच थांबवत नव्हतं आणि सुपरवायझर तेवढ्यापुरता दुसरीकडे बघायचा.

चौथ्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तो ताईसमोर येऊन बसला. डबा उघडलाच नाही.

"ताई, कडा फाटतायत गं. कालपासून हात भरून आलेत नुसते. नोझलं बघितलीस?"

"बघितली."

"मग?"

"ठीक आहेत."

"तू म्हणतेस म्हणजे ठीकच असणार," तो म्हणाला. "मग लगद्यातच काहीतरी भानगड असेल. त्या लगदावाल्याला धरतो." आणि हसून त्याने तिच्या डब्यातली पोळी पळवली, लहानपणी पळवायचा तशी.

आत्ता सांगावं, असं ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण हा गरम डोक्याचा. साहेबांच्या अंगावर धावून जाईल, आणि मग यादीची वाट बघायलाही नको. दोन महिने निघाले की झालं, असं तिने स्वतःला समजावलं.

दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, मशीनचा आवाज एकदम पडला. ताई वर्कशॉपात होती. ठरवून थांबवलेलं मशीन हळूहळू मंदावतं. हा आवाज तसा नव्हता. ती धावत गेली तेव्हा माणसांचं कडं झालं होतं आणि मधून भावाचा आवाज येत होता. तो ओरडत नव्हता. "काढा, काढा," एवढंच एकसारखं म्हणत होता.

फाटलेला कागद ओढताना ओला पट्टा बोटांभोवती गुंडाळला गेला आणि त्या पट्ट्याने हात रोलरांमध्ये ओढून नेला. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

आठ दिवसांनी चौकशी बसली. लांब टेबलामागे तिघे होते, त्यांत बघू साहेबही होते. हाताला पांढरं गाठोडं बांधलेला भाऊ बायकोबरोबर एका बाजूला बसला होता. रजिस्टर टेबलावर उघडं होतं.

"नोझलं ठीक होती, अशी नोंद आहे," मधला अधिकारी म्हणाला. "सही तुमचीच ना?"

"सही माझीच. नोंदी खोट्या आहेत," ताई म्हणाली. "चारही आठवड्यांच्या. नोझलं झिजली होती. मला ठीक लिहायला सांगितलं गेलं."

"कुणी सांगितलं?"

तिने साहेबांकडे बघितलं. साहेब कागद चाळत होते. "मी 'बघू' म्हणालो होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याचा अर्थ यांनी काय घेतला, मला माहीत नाही."

"लेखी काही आहे का?" अधिकाऱ्याने विचारलं.

लेखी काहीच नव्हतं. लेखी होत्या त्या फक्त तिच्या सह्या.

बाहेर व्हरांड्यात भावाने तिला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं तेव्हाही?"

"हो रे. पण मी तुझ्यासाठीच... ती यादी... आणि सांगितलं असतं तरी तू काय केलं असतंस?"

"हात लांब ठेवला असता," तो म्हणाला.

त्यानंतर तो तिच्याशी कधी बोलला नाही.

अहवाल आला. कामगाराने मशीन न थांबवता हात घातला, आणि देखभाल करणारीने खोट्या नोंदी केल्या. दोघांनाही काढलं. साहेबांना ताकीद मिळाली. त्याच आठवड्यात नवी गाळणी आणि कडक चिनीमातीची नोझलं बसली. हे ताईला भाजीबाजारात भेटलेल्या एका जुन्या फिटरने सांगितलं. "आता धार बघाल तर अशी सुरेख! महिना झाला, कागद फाटला नाही," तो कौतुकाने सांगत सुटला आणि मग तिचं तोंड बघून पिशवी उचलून निघाला.

ती रोज दुपारी भावाकडे जायची. भावजय दार उघडायची, आत या म्हणायची नाही. "वन्सं, ते झोपलेत," एवढंच. ताई दळण आणून द्यायची, बाहेरच्या नळावर भांडी घासून द्यायची. भाऊ आतल्या खोलीत असायचा. त्याच्या खोकल्याचा आवाज यायचा.

एके दिवशी दार त्यानेच उघडलं. भावजय बाहेर गेली होती. त्याला कुठल्याशा गोदामात हजेरी लिहायच्या कामासाठी भेटायला जायचं होतं, आणि डाव्या हाताने शर्टाची बटणं लागत नव्हती. खालची दोन लागली होती, तीही चुकीच्या काजात. तो तिच्याकडे न बघता भिंतीकडे नजर लावून उभा राहिला. ताईने बटणं सोडवली, नीट लावली, कॉलर सरळ केली. त्याचा श्वास तिच्या कपाळाला लागत होता. एवढ्या जवळून तिने त्याला कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. कानाजवळचे केस पिकले होते.

"सोन्या," ती म्हणाली.

तो चप्पल घालून निघून गेला.

ते काम त्याला मिळालं नाही. डाव्या हाताचं अक्षर बघून त्यांनी नंतर कळवतो म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात भावजयीच्या माहेरची माणसं टेम्पो घेऊन आली. ताई दुपारी गेली तेव्हा खोलीला कुलूप होतं. शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, "गेले ते. पत्ता कुणाला देऊ नका म्हणाले." ताई थोडा वेळ जिन्यात बसली. मग उठून घरी गेली.